राजाजीनगरला बंपर बदलताना

गाडीला लोखंडी बंपर बसवायचं मी ठरवलं तेव्हा माझी नोकरी जाऊन सात महिने झाले होते. गेली तीही अगदी सभ्यपणे. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, पलीकडे माझी मुलगी शोभेल अशा वयाची एक बाई, तिने तीनदा माझ्या तब्येतीची चौकशी केली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कॉल संपल्यावर मी उठून कुकर लावला. पुढचे सात महिनेही तसेच गेले. कुणी 'कसा आहेस' विचारलं तर 'मजेत' म्हणायचो आणि ते अगदीच खोटं नव्हतं, कारण दुःखात मी नव्हतोच. मी कशातच नव्हतो.

गाडी मात्र होती. नदीपात्रात, डोंगरात घालायची, चारही चाकांनी ओढणारी उंच गाडी, चांगल्या दिवसांत घेतलेली. सकाळी उठून करण्यासारखं तेवढंच काम उरलं होतं: एचएसआर लेआउटमधल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरातून गाडी काढायची आणि शहराबाहेर कच्च्या रस्त्याला लागायचं. डिसेंबरात बायकोला घेऊन गाडीनेच पार अरुणाचलपर्यंत जायचं ठरवलं होतं. ती अजून नोकरी करते. तिने रजाही टाकली होती. त्या प्रवासापलीकडे माझ्या कॅलेंडरात एक अक्षर नव्हतं. गाडी चालवणं सुटलं तर दिवसभर काय करायचं, हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

पण गाडी फार घासायला, आदळायला लागली होती. दोष अर्थातच बेंगळुरूचा. बेळ्ळंदूरला पाण्याचा टँकर अंगावर आला. तळघरातला खांब बिल्डरने चुकीच्या जागी बांधला. एका गावात कठड्याचा दगड पुढे आला होता. दर वेळी मी उतरून पाहायचो, बिल्डरपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचो आणि परत बसायचो. राग आला म्हणून नव्हे, तशी पद्धत आहे म्हणून. कंपनीचा बंपर प्लास्टिकचा, फाटला की फाटलेला दिसतो. लोखंडी लावला की कटकट संपली, असा माझा हिशेब.

बायकोला या चिखलातल्या गाडीबाजीचा पहिल्यापासून तिटकारा. चांगली गाडी चिखलात रुतवायची आणि मग ती बाहेर काढली म्हणून खूश व्हायचं, यात काय शहाणपण आहे, असं ती म्हणायची. पण गेले काही महिने ती दर शनिवार-रविवारी न बोलावता सोबत येत होती. बसायची मात्र मागे, माझ्या पाठीमागच्या सीटवर. पाय पसरता येतात म्हणाली. मी म्हटलं, बरं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

राजाजीनगरला ज्याच्याकडे आम्ही गेलो तो साठीचा, पत्र्याची आणि लोखंडाची कामं करणारा. त्याचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की कुठलं वाक्य कुठे वळेल सांगता येत नाही. पुढचा-मागचा बंपर आणि खाली तीन प्लेटा, एक इंजिनच्या ऑइल चेंबरखाली, एक गिअरबॉक्सखाली, एक टाकीखाली, एवढं ठरलं. वजन वाढलं की पुढची बाजू बसते, म्हणून पुढच्या स्प्रिंगाही बदलाव्या लागतील म्हणाला. असे बंपर कायद्यात बसत नाहीत, पोलिसांनी अडवलं तर त्याच्याकडे यायचं नाही, हेही आधीच सांगून मोकळा झाला.

"याने आतल्या माणसाला काय होतं?" बायकोने मध्येच विचारलं.

"म्हणजे कसं अक्का?"

"गाडी जोरात कशावर आदळली तर. आतल्या माणसाचं काय?"

तो म्हणाला, "खरं सांगतो. प्लास्टिक चेपतं, मार खातं. लोखंड चेपत नाही. गाडीला काही होत नाही, हिसका माणसाला बसतो. बंपरच्या आतला कंपनीचा मऊ पट्टा मी काढत नाही म्हणा, पण हिसका हिसकाच."

"अगं, मी आदळणार आहे का?" मी म्हणालो. दुकानदारासमोर शंका काढायची तिची जुनी सवय आहे, असं मनाशी म्हणून मी तो विषय सोडून दिला.

त्याने जुने बंपर उतरवले आणि गाडी लिफ्टवर वर चढवली. मग हातात दिवा घेऊन तो खालून फिरला. एक चक्कर झाली, दुसरी झाली. माप घ्यायला एवढा वेळ लागत नाही.

"अण्णा, स्वल्प इकडे या. गाडी तुम्हीच चालवता की ड्रायव्हर आहे?"

"मीच."

"दुसरं कोणीच नाही?"

"नाही. का?"

त्याने दिवा डाव्या बाजूने फिरवला. उतरवलेल्या बंपरचा डावा कोपरा फाटलेला. दाराखालची डावी पट्टी तीन ठिकाणी आत गेलेली. डाव्या दोन्ही चाकांच्या रिमा कडेने खाल्लेल्या. मग तो उजवीकडे आला. तिथे धूळ होती, चिखल होता. ओरखडा एकही नव्हता.

"दगड काय डावा-उजवा बघून लागतो, अण्णा?"

मी टँकरचं सांगितलं. खांबाचं सांगितलं. तो सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "उजवा डोळा हाताने झाका. माझ्या नाकाकडे बघा. काय काय दिसतंय?"

त्याचं नाक दिसत होतं, मिशी, चष्म्याची अर्धी काच. भोवती काळोख होता असं नाही. भोवती काही नव्हतंच.

"अक्का कुठे आहेत?"

"बाहेर गेली असेल."

"मी इथेच आहे," ती म्हणाली. आवाज हाताच्या अंतरावरून आला.

"माझ्या अप्पांचं असंच झालं," तो म्हणाला. "लेथवर बसायचे, डावीकडचे पाने पाडायचे आणि आम्हाला शिव्या द्यायचे. काचबिंदू. दुखत नाही, कळत नाही, चांगला डोळा सांभाळून घेतो. आधी डोळे दाखवून या."

अशा वेळी माणसाच्या पायाखालची जमीन सरकते. मी विचारलं, "म्हणजे बंपर आज होणार नाही का?"

तो आमच्यासाठी कॉफी सांगायला बाहेर गेला. बायको जुन्या टायरांच्या चळतीवर बसली.

"डोळाच होता," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दर वेळी डावीकडेच जायचास. कडेला दरी असली तरी तिकडेच. मी ओरडले की म्हणायचास, काय झालं? इतक्या शांतपणे म्हणायचास. नोकरी गेल्यावर एकदाही रडला नाहीस, चिडला नाहीस. मला वाटलं, तुला जगायचंच नाहीये."

मी तिच्या शेजारी टायरांवर बसलो.

"म्हणून येत होते. मी गाडीत असले तर तू काही करणार नाहीस, असं वाटायचं. पुढे बसायचा धीर होत नव्हता, म्हणून मागे बसायचे. अरुणाचल बघायला रजा नाही टाकली मी. तुला एकट्याला जाऊ द्यायचं नव्हतं."

'वेडी आहेस का' म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबलो. मरावं असं त्या सात महिन्यांत मला कधी वाटलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण जगावं असं एकदा तरी वाटलं होतं का, ते आठवेना. कॉफी आली. ती फार गोड होती, आणि आम्ही दोघांनी ती संपवली.

"काय करू अण्णा?" त्याने विचारलं. "जुनाच बंपर परत बसवू?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने पदराने नाक पुसलं. "नवा बसवा. खालच्या प्लेटासुद्धा. आता गाडी मी चालवणार आहे."

"तुला येते?" मी म्हणालो.

"लायसन्स आहे. अठरा वर्षं पर्समध्ये आहे."

"प्लेट किती जाड घेऊ, अक्का?"

"सगळ्यात जाड."

त्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूच सांगितला. डाव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नाही. उजवा वाचवायला जन्मभर थेंब घालायचे. गाडी चालवायची नाही. मी बरं म्हटलं आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. बायकोने ती माझ्या खिशातून काढून पुन्हा नीट वाचली, दोन प्रश्न विचारले आणि फोनमध्ये थेंबांचे गजर लावले.

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही गाडी आणायला गेलो. काळे, जाडजूड बंपर, त्यांच्या वजनाला पेलतील अशा नव्या स्प्रिंगा, खाली पोटभर लोखंड. बायको चालवायला बसली, तिने सीट पुढे घेतली, आरसे तीनदा हलवले, आणि पहिल्याच वळणावर गाडी बंद पाडली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी डावीकडे बसलो होतो. माझ्याच गाडीत मी त्या बाजूला कधी बसलो नव्हतो.

उड्डाणपुलाखाली एक बस आमच्या डाव्या अंगाला लगटून पुढे यायला लागली. मी मान वळवली तेव्हाच ती मला दिसली, खिडकीभर, एकदम. बायको उजवीकडच्या आरशात बघत होती आणि गाडी सावकाश बसकडे सरकत होती.

"अगं ए, बस! बस आहे! मारतेस का काय मला!"

मी ओरडत होतो. डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता, काखा घामाने भिजल्या होत्या, छातीत धडधडत होतं. मला मरायची भीती वाटत होती, स्वच्छ, साधी भीती. तिने कचकन ब्रेक दाबला. बस वीतभर अंतरावरून निघून गेली.

मागे सगळे हॉर्न वाजवत होते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"ओरड," ती म्हणाली, "अजून ओरड."