बापलेकीचं एम.ए.

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये मच्छिंद्र ओव्हाळ यांना सगळे 'बुकिंगवाले आप्पा' म्हणत. निम्मं आयुष्य तिकिटाच्या खिडकीत गेलेलं. मिश्या जाड, आवाज चढा. पण खिडकीशी एखादी म्हातारी आली की तिची गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे ते दोन-दोनदा समजावून सांगत. मागची रांग खुशाल कुरकुरत राहायची. गाव शिरूर तालुक्यातलं कारेगाव. नोकरी करता करता बाहेरून परीक्षा देत त्यांनी बी.ए. पुरं केलं होतं. मग पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, ती पुन्हा खाली आली नव्हती.

त्यांची थोरली लेक धुरपदा १९७३ साली पुण्याला एम.ए.ला गेली. विषय समाजशास्त्र. सकाळच्या गाडीनं जायची, दिवेलागणीला परत यायची. जेवणं झाली की ती मोठ्यानं वाचायची आणि इंग्रजी अडलं की बापाला हाक मारायची. एकदा दूर दक्षिणेतल्या एका खेड्याचं वर्णन आलं. कुणाचं घर कुठं, कुणाचा पाणवठा कुठला, कुणी कुणाच्या दारात कुठवर जायचं, सगळं त्यात होतं. आप्पा ऐकता ऐकता ताठ झाले.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"म्हंजी हे आपल्या गावातच न्हवतं तर," ते म्हणाले. "मी लहानपणी समजायचो, कारेगावचीच माणसं अशी."

त्या दिवसापासून ते ड्युटीवरून आले की आधी पुस्तक मागायचे. प्रश्न विचारून विचारून पोरीला भंडावून सोडायचे. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "आप्पा, एवढं हाय तर तुम्हीच का बसत न्हाई परीक्षेला?"

चुलीपुढून जाईबाई, आप्पांची बायको, हसली. "बसू द्या की. खिडकीत बसायची सवय हायेच."

आप्पांनी ते मनावर घेतलं. बापलेक एकाच परीक्षेचे विद्यार्थी झाले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. आप्पाही संपात उतरले. क्वार्टर्समध्ये पोलीस फिरू लागले, शेजारच्या दोघांना उचलून नेलं. जाईबाईनं दोघांचे कपडे पिशवीत भरले. "लेकीला घेऊन गावाला जावा तुम्ही. हितलं मी बघते."

कारेगावी आप्पांची आई ताईबाई एकटीच राहायची. नोकरीच्या घोरानं आप्पांना घास जाईना. धुरपदानं दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "असं बसून राहू नका. मला घरोघर फिरून प्रश्न विचारायचेत, अभ्यासातच हाय ते. चला माझ्याबरोबर."

बौद्धवाड्यातली घरं झाली, मग गावातली. हौसराव पाटलांच्या दाराशी आप्पांचे पाय जड झाले. हौसराव त्यांच्याच वर्गातले. ते आत बसायचे, आप्पा शाळेच्या उंबऱ्याबाहेर. आता हौसराव सोसायटीचे चेअरमन होते. त्यांनी दोघांना पडवीत बसवलं, घोंगडी टाकली, संपाची चौकशी केली.

धुरपदानं शेती विचारली, मुलांची शिक्षणं विचारली. पुढचा प्रश्न कुठला ते आप्पांना माहीत होतं. त्यांनी तिला डोळ्यानं खुणावलं, राहू दे. तिनं पाहिलं आणि विचारलंच.

"मामा, तुमच्या घरात आमच्या माणसांना च्या कशात देतात?"

आप्पांची नजर घोंगडीवरून हलेना.

"तुमचा कप येगळा असतो," हौसराव सावकाश म्हणाले. "वळचणीला ठेवलेला. लिही पोरी. तुझ्या बापाला ठावं हाय, मी खोटं सांगून काय करू?"

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, आतून चहा आणला. तिघांनाही एकसारख्या कपबश्या, निळ्या काठाच्या. तिनं सगळं ऐकलं असणार. चहा गोड होता.

वाटेत धुरपदा म्हणाली, "आप्पा, रोज असाच देतील?"

"ते कसं कळावं?" आप्पा म्हणाले. "पण तू विचारलंस. मला उभ्या जन्मात न्हाई जमलं." आणि किती तरी वर्षांनी त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

संप मिटला. थोडे दिवस धास्ती राहिली, पण नोकरी वाचली. पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात दोघांनी पुण्याला पेपर दिले. जाईबाईनं दोघांना एकाच डब्यात दशम्या बांधून दिल्या.

निकाल लागला. धुरपदा सेकंड क्लासात पास झाली. आप्पा एका पेपरात गेले, आणि तोही 'कुटुंब आणि नातेसंबंध'. झालं असं की, बदलत्या कुटुंबाविषयीचा पहिलाच प्रश्न पाहून त्यांना भरून आलं. ते आपल्या आईविषयी लिहायला बसले, मग आजी आठवली, चुलते आठवले. पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या आणि बाकीचे प्रश्न कोरे राहिले.

ताईबाईला कळल्यावर ती म्हणाली, "अरं, भावकीच्या साऱ्या सोयरिकी तू जमवल्यास, आन् नात्याच्या पेपरात नापास?"

आप्पांनी स्टेशनभर लेकीचे पेढे वाटले. सगळ्यांना हसून तोंड दिलं, पण घरी येऊन पुस्तकं पुन्हा माळ्यावर टाकायला निघाले. धुरपदानं शिडी धरून ठेवली.

"खाली उतरा. पदवी घ्यायला मी एकटी जाणार न्हाई."

"अगं, तुझी पदवी कशाला अडकवून ठेवतीस?"

"मग लौकर पास व्हा."

तिनं खरंच त्या वर्षी पदवी घेतली नाही. शिरूरच्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी लागली. शनिवारी ती एस.टी.नं दौंडला यायची आणि बापाला समोर बसवायची. "आईचं नाव एकदाबी घ्यायचं न्हाई उत्तरात," ती दटावायची. आप्पा मान डोलवायचे. लिहिता लिहिता पेन घुटमळलं की ती टेबलावर टिचकी मारायची, की गाडी रुळावर.

पुढच्या उन्हाळ्यात ते पास झाले. काठावर, पण झाले.

पदवीदानाला सगळं घर पुण्याला गेलं. बापलेक काळे झगे घालून एकाच रांगेत पुढंमागं उभे होते. आप्पांचा झगा आखूड झाला होता, म्हणून ते सारखे तो खाली ओढत होते. मागच्या खुर्च्यांत ताईबाई नवं लुगडं नेसून बसली होती. तिनं सुनेला कोपरानं ढोसलं.

"दोघंबी वकील झालं का गं?"

"वकील न्हाई, आत्याबाई," जाईबाई डोळे पुसत म्हणाली. "माणसं कशी ऱ्हात्यात, ते शिकल्यात."

"आन् त्याला एवढी वर्सं?" ताईबाई म्हणाली, आणि आप्पांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळ्या तिनंच वाजवल्या.