मोहाखालची गेमची खबर

गेममधलं विमान बेटावर यायच्या आधीच मी घाबरलेली असते. विमान खोटं, बेट खोटं, बंदुका खोट्या, हे सगळं मला कळतं. तरी हाताला घाम सुटतो आणि बोट काचेवरून घसरतं. पॅराशूटनं उतरले की समोर दिसेल त्या पहिल्या घरात मी शिरते, आतली सगळ्यात लहान खोली शोधते आणि दाराकडे बंदूक रोखून बसते. बाहेर सगळे एकमेकांना मारत सुटलेले असतात. माझी जाऊ याला बाळंतखोली म्हणते. "बसली का व बाई बाळंतखोलीत?" असं ती दर डावाला विचारते, आणि मी दर डावाला चिडते.

ती माझ्या धाकट्या दिराची बायको. मी गोंदिया शहरातली, म्हणजे माझी भीती मोकाट बैल आणि उघड्या नाल्या एवढ्यापुरतीच तयार झालेली. ती देवरीच्या पलीकडची, जंगलाला लागूनच तिचं माहेर. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मागच्या दारातून जंगल दिसतं म्हणून मी ते दार लावूनच ठेवायची, आणि ती आल्यावर तिनं ते उघडं टाकलं. गेमही तिनंच मला शिकवला. दोघींची जोडी लावायची, ती धावत पुढे जायची, कोणी आहे का बघायची आणि सांगायची, "ये आता, साफ आहे." मग मी निघायची. मी घाबरून ओरडले की ती पोट धरून हसायची. "कायले भेऊन राहिली एवढी? मेलो तं मेलो, दुसरा डाव लावू."

आम्ही काही मोठ्या खेळाडू नाही. जेवणं आटोपली, भांडी झाली की दोन डाव, तेही दोघे भाऊ महामार्गावरच्या गॅरेजातून परतले नसले तर. पण जाऊला गेम खेळण्यापेक्षा गेमच्या बातम्यांचा सोस जास्त. कोणता नकाशा येणार, कोणती बंदूक कमजोर केली, कुठल्या देशात स्पर्धा झाली, सगळं तिला पाठ. त्यातून आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट निघाला. दर रविवारी दुपारी ती बोलून बातम्या टाकते आणि शेवटी मी माझं मत देते. गटात आमगावच्या एक शिक्षिका आहेत, दवनीवाड्याच्या दोघी बहिणी आहेत, त्या रोवणीच्या दिवसांत गायब होतात आणि धान लागलं की परत येतात. गोंदियाचा एक मोबाइल दुरुस्तीवाला आहे, तो हिंदीतच बोलतो आणि प्रत्येक गोष्टीला "पुराना मॅप ही अच्छा था" म्हणतो. नवीन कपडे कसले घालता, आधी फोन तापतो त्याचं बघा, हे शिक्षिकाबाईंचं कायमचं म्हणणं. माझं मत बहुतेक वेळा एकच असतं, की हे आल्यानं गेम आणखी भीतीदायक होईल. लोक त्यावर हसतात. मला त्याचं काही वाटत नाही, कारण ते खरंच असतं.

त्या मार्चमध्ये दोन बातम्या एकदम आल्या. एक म्हणजे गेमवर बंदी येणार. ती अफवा वर्षातून एकदोनदा येतेच, तरी दवनीवाड्याच्या धाकटीनं आपली आयडी जाणार म्हणून रडके चेहरे पाठवले. दुसरी बातमी नव्या आवाजाची. आता म्हणे शत्रूचा पाय कुठं पडला, मागे की बाजूला, गवतात की फरशीवर, हे नुसत्या आवाजावरून कळणार. मात्र चांगला हेडफोन पाहिजे, दोन्ही कान गच्च झाकणारा. जाऊनं भावाकडून तसा मागवून घेतला. पहिल्यांदा घालून तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "बाई, पायातलं पैंजनबी समजते." मी म्हटलं, मला नको, मला जेवढं ऐकू येतं तेच जास्त आहे.

आणि त्याच दिवसांत मोह पडायला लागला.

मोहाची फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. आमची झाडं गावाच्या वरच्या अंगाला, चढावर आहेत. खालचा पाला जाळून जमीन काळी, स्वच्छ करून ठेवलेली असते, म्हणजे पिवळी फुलं दिसतात. एकेका झाडाखाली एकेक जण वेचतो. झाडं एकमेकांपासून लांब आणि मध्ये झुडपं, त्यामुळे माणूस दिसत नाही. म्हणून हाक द्यायची. थोड्या थोड्या वेळानं कोणी तरी "हो" म्हणतं आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून "ओ" द्यायची. मोह जितका आपल्याला आवडतो तितकाच अस्वलालाही आवडतो. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या गावची बातमी येतेच, आणि ती मी कधी पूर्ण ऐकत नाही. सासूनं मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "जंगलात चोरावानी चालू नोको. पाय वाजवत चाल, खोकलत चाल, गोष्टी करत चाल. त्याले समजू दे, मानूस येऊन राहिला म्हून."

गंमत अशी की गावात नेटवर्क जेमतेम, डाव चालतो पण व्हिडिओ अडकतात, आणि मोहाच्या चढावर मात्र पूर्ण आहे. त्यामुळे जाऊ सकाळचं वेचणं आणि रविवारच्या बातम्या गोळा करणं एकदमच उरकायची. हात जमिनीवर आणि कान गेमवाल्या पोरांच्या व्हिडिओंवर. आधी ती एकाच कानात बारीक इअरफोन घालायची आणि ओ द्यायची. त्या सकाळी गारवा होता, तिनं डोक्याला दुपट्टा बांधला होता. त्याखाली नवा हेडफोन आहे हे मला दिसलं नाही.

सासू खालच्या झाडाखाली होती, मी मधल्या आणि जाऊ वरच्या. मी हाक दिली. खालून सासूची ओ आली. वरून आली नाही. मला वाटलं, फुलं झाडून घेत असेल. परत हाक दिली, जरा जोरात. पाखरांचा आवाज, वरून टपटप पडणारी फुलं, बस. सासू गुडघ्यानं अधू, तिला चढ चढवत नाही. जायचं मलाच होतं.

मी टोपली ठेवली आणि निघाले. पण कशी निघाले, तर वाकून, टाच न टेकता, सुका पाला टाळत, एका झाडामागून दुसऱ्या झाडामागे. सगळं उलटं. सासूनं सांगितलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं आणि रात्री गेममध्ये जे करते तेच अंगात आलं होतं, की पाय वाजला तर मेलीस. खोकला आला तोही मी पदरात दाबला. एवढ्या जंगलात माझा एक आवाज नव्हता.

सागाच्या एका जाड खोडामागून मी डोकं काढलं. जाऊ मोहाखाली माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि वेचत होती. जिवात जीव आला, मग रागही आला, आणि मी तोंड उघडणार तोच तिच्या पुढच्या झुडपांपलीकडे, कुणी न वेचलेल्या मोहाखाली, काळं काही हललं. मला आधी ते जळलेलं खोड वाटलं. खोडानं मान खाली घातली आणि फुलं ओढून घेतल्याचा फुसफुस आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. जाऊला आला नाही. दुपट्ट्याखालून एक तार तिच्या कमरेच्या पिशवीत गेलेली होती, ती मला तेव्हा दिसली.

मला ओरडता आलं नाही. ओरडले असते तरी तिच्याआधी त्यानं ऐकलं असतं, आणि ते दचकून सरळ तिच्यावर आलं असतं तर? मग हातानं आपोआप कमरेचा फोन काढला. आधी तो भलत्यालाच लागणार होता. तिला फोन लावला. तिनं तारेवरचं बटण दाबलं.

"काय झालं व बाई? नेट गेलं का तुह्यं?"

कान झाकलेला माणूस किती जोरात बोलतो ते तेव्हा कळलं. सगळ्या चढावर ऐकू गेलं. अस्वलानं तोंड वर केलं.

मी कुजबुजले, "माझ्याकडं ये. मागं. सागाजवळ आहे मी." डावं-उजवं मी बोललेच नाही. गेममध्ये मी ते नेहमी चुकवते.

"काऊन?"

"ये ना. टोपलीसकट ये. बोलत बोलत ये."

का कोण जाणे, ते शेवटचं माझ्या तोंडून निघालं. ती उठली, टोपली काखेत घेतली, वळली आणि माझ्याकडे चालत यायला लागली. आता तिची पाठ त्याच्याकडे होती. तिच्या खांद्यावरून मला ते दिसत होतं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं, आणि छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. ती मात्र मजेत मोठमोठ्यानं सांगत होती, "बंदीची खबर खोटी आहे बरं बाई. आताच आयकलं मी. त्या पोट्ट्यानं मागच्या वर्षीचाच व्हिडिओ नवा करून टाकला. रविवारी चांगली उतरवतो त्याची. दवनीवाडेवालीले सांग, रडू नोको म्हना."

"हो," मी म्हणाले. "आणखी काय?"

"आनखी, नवा नकाशा येऊन राहिला, बर्फाचा..."

तो बर्फाचा नकाशा मी जन्मात विसरणार नाही. त्यात डोंगर आहेत, रेल्वे आहे आणि पाऊल उमटलं की शत्रूला दिसतं. ती एकेक गोष्ट ओरडून सांगत होती आणि ते काळं धूड मान तिरकी करून तिचा आवाज हुंगत उभं होतं. मी देवाचं नाव घेत नव्हते. मी नुसती म्हणत होते, बोल, बोल, थांबू नको. मग ते खाली झालं, एकदा हुंकारलं आणि वळून झुडपांत घुसलं. फांद्या मोडत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती माझ्यापर्यंत पोचली आणि मी तिचं मनगट धरलं.

"काऊन पकडून राहिली मले एवढी? रडून काऊन राहिली?"

मी तिच्या कानावरचा हेडफोन खाली ओढला. शेवटच्या फांद्यांचा आवाज तिनं ऐकला. तिला सांगावं लागलं नाही. जंगलाजवळची पोर ती.

तोवर ती घाबरली नव्हती. ऊन चढल्यावर सासू, शेजारचे दोघे-तिघे आणि आम्ही, डबे वाजवत वर गेलो, कारण तिचा विळा आणि पाण्याची बाटली तिथंच राहिली होती. जळलेल्या राखेत ठसे स्पष्ट होते. ते पलीकडून आले होते, तिच्या झाडाखाली शिरले होते, आणि ती जिथं बसली होती त्याच्या अगदी पाठीमागून वळून पुढच्या झाडाकडे गेले होते. म्हणजे मी पोचायच्या आधीच ते तिच्या पाठीशी येऊन गेलं होतं. ती खाली बसली. तिची बसण्याची जागा राखेत पुसलेली दिसत होती. तिथून तिनं हात मागे केला आणि तिचा पंजा त्या ठशावर टेकला. खांदाही वळवावा लागला नाही.

घरी आल्यावर मी पाहिलं, मागचं दार लावलेलं होतं. मी लावलं नव्हतं.

रविवार आला. गटात सगळे नव्या आवाजाबद्दलच विचारत होते. मोबाइलवाल्यानं "पहले ही अच्छा था" लिहूनही टाकलं होतं. जाऊनं फोन हातात घेतला, बोलायचं बटण दाबलं, "तं बातम्या अशा का" एवढं म्हणाली आणि सोडून दिलं. परत दाबलं, परत सोडलं. परसात कोंबडीनं पाला उकरला तेव्हा तिनं माझा दंड धरला, अगदी मी नेहमी धरते तसा. मग फोन माझ्याकडे दिला. "तूच सांग व बाई."

मला तिचा हात सोडवून घ्यायचा होता आणि तिला हसवायचंही होतं. दोन्ही जमलं नाही. मी इतकी वर्षं भीत आले ती तिच्या भरवशावर. पुढे जाऊन बघणारी, साफ आहे म्हणणारी, माझ्यावर हसणारी कोणी तरी आहे म्हणून मला घाबरणं परवडत होतं. आता आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो होतो आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

मी बातम्या सांगितल्या. बंदीची खबर खोटी आहे, बर्फाचा नकाशा येतो आहे, नवा आवाज चांगला आहे पण एक कान मोकळा ठेवा. पाठवलं. थोड्या वेळानं दवनीवाड्याच्या धाकटीचा निरोप आला, "आज बातमीवाल्या ताई कुठं गेल्या?"

ती माझ्या शेजारीच बसली होती. तिनं तो निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला.