पुढच्या खोलीतले भाडेकरू

जळगावात घर घेतल्यापासून शाळेतल्या नव्या शिक्षिका मला सल्ला विचारतात, आणि मी तो सढळ हातानं देते. घर मे महिन्यात बघा, तेही टळटळीत दुपारी. थंडीत सगळीच घरं गोड वाटतात. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते बिल्डरला नको, शेजारणीला विचारा. कागदपत्रं आपल्या वकिलाकडून तपासा, त्यांच्या नव्हे. एवढं ऐकून त्या उठतात आणि मुख्य गोष्ट सांगायची राहून जाते. घरात कोण राहणार, हे आधी ठरवा. आमचं घोडं तिथंच अडलं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याजवळच्या गावी एकटे राहायचे. आई गेल्यावर भाकरी थापायलासुद्धा शिकले. पण एकदा सकाळी मोरीत पाय घसरून पडले आणि शेजाऱ्यांना ते पार दुपारी कळलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जळगावला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अंडेरना घर पाव्हना म्हनीसन येवानं, ऱ्हावानं नही."

लेकीकडे पाहुणा म्हणून जावं, राहायला जाऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत. आधीच्या पिढीतले बाप तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. आबा जेवत, चहा पीत, पण एका मुक्कामानंतर पिशवी भरायला घेत. मला संताप यायचा. मुलगा असता तर त्याच्याकडे हक्कानं राहिले असते. मी एकुलती एक, म्हणून मी फक्त पाहुणचार करायचा आणि एसटीत बसवून द्यायचं.

तरीही मी घर शोधलं ते आबांना डोळ्यांसमोर ठेवूनच. जिना नको, फरशी गुळगुळीत नको, संडास खोलीलगत हवा. "घर आपण घेतोय की आबा?" असं हे मला चिडवायचे. विटा-वाळूतलं तुम्हालाच कळतं, अशी बतावणी करून मी आबांनाही घरं बघायला बोलावून घेई. ते भिंतीवर टिचक्या मारत, खिडक्या उघडून बघत, कशालाच नाव ठेवत नसत आणि शेवटी म्हणत, "बठ्ठं चांगलं शे. पन घर जवाईनं शे." खरेदीखतावर माझंही नाव असणार, निम्मे हप्ते माझ्या पगारातून जाणार, हे सांगून माझं तोंड दुखलं. त्यांच्या लेखी घर जावयाचंच.

असंच एक दक्षिणमुखी, म्हणून गिऱ्हाईक न मिळालेलं रो-हाउस बघायला गेलो. आधीच्या मालकानं पिठाच्या गिरणीसाठी पुढं एक खोली काढली होती. तिला रस्त्याकडे वेगळं दार होतं, आणि आत घरात उघडणारं दुसरं. गिरणी काही झाली नाही. "ही भाड्यानं द्या, हप्त्याला हातभार लागेल," एजंट म्हणाला. आबा त्या खोलीत बराच वेळ रेंगाळले आणि बाहेर येऊन मला म्हणाले,

"ह्या खोलीनं भाडं काय लेशी?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"भाडं लेशी तर ऱ्हासू. फुकट नही."

एजंटसमोरच माझा पारा चढला. बापाकडून भाडं घेतलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, असं काहीबाही मी बोलत होते. ह्यांनी मला हातानं थांबवलं आणि आबांना शांतपणे म्हणाले, "आम्हाला असाच सज्जन भाडेकरू हवा होता." घर ठरलं ते असं.

भाडं धान्यानं द्यायचं ठरलं. शेत चुलतभावाकडे बटाईनं होतं. हंगाम झाला की आबा गावाहून दादर ज्वारीचं पोतं आणि तूरडाळ आणत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून म्हणत, "भाडं." भाडेकरू म्हणून तक्रारीही सुरू झाल्या. "घरमालकीनबाई, नळले पानी नही." गल्लीत सगळ्यांना आमच्या घराकडे बोट दाखवून अभिमानानं सांगत, "मी आठे भाडेकरू शे." ह्या सगळ्याची गंमत वाटायची. पण आत येताना ते मधलं दार वाजवत, हॉलमध्ये खुर्चीच्या कडेवर बसत आणि चहा झाला की उठत. माणूस घरात आला होता, पण राहायला आला नव्हता.

यंदा दिवाळीच्या आधी घराला रंग दिला. तो नीट वाळलाही नसेल, तेव्हाची गोष्ट. मी शाळेतून आले तर आतून ठोकल्याचे आवाज येत होते. हॉलमध्ये आबा स्टुलावर चढून खलबत्त्यातल्या बत्त्यानं भिंतीत खिळा ठोकत होते. नव्या रंगाचा टवका उडाला होता, सोफ्यावर चुना सांडला होता. बाजूला आईचा फोटो होता. इतके दिवस तो त्यांच्या ट्रंकेत धोतरात गुंडाळून पडला होता.

त्या गुडघ्यांनी स्टुलावर चढलात कशाला, असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि एकदम लक्षात आलं, आबांनी विचारलं नव्हतं. भाडेकरू मालकाला विचारल्याशिवाय भिंतीला खिळा मारत नाही.

फोटो टांगून त्यांनी मान मागं वळवली. "वाकडा शे का?"

मला धड काही दिसत नव्हतं. "सरळ शे, आबा," मी म्हटलं आणि स्टूल धरून उभी राहिले.