नकाशात नसलेला धबधबा
कॅनडातल्या लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावर बोटी दुरुस्त करणाऱ्या एल्वुडला आतल्या निर्मनुष्य रानाची भारी ओढ. दर उन्हाळ्यात तो एकटाच होडी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला जायचा. यंदा आई अंथरुणाला खिळली होती, तरी गेला. परतताना एक अनोळखी ओढा दिसला. तो कुठून येतो हे बघायला आठवडाभर आणखी राहिला, आणि नकाशात नसलेला धबधबा त्याला सापडला.

धक्क्यावर बहीण मर्ना उभी होती. "आईला गुरुवारी माती दिली. शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती रे."

त्याने होडीचा दोर धक्क्याच्या खुंटाला बांधला.

"एवढं काय सापडलं तिथं?" तिने विचारलं.

धबधबा अजून डोळ्यांसमोर कोसळत होता आणि त्याचा आनंद काही ओसरत नव्हता. याचीच त्याला लाज वाटली.

"काही नाही," तो म्हणाला.