हं म्हन, बाई

मामाजींचा शेवटचा ‘हं’ माझ्या कोणत्या वाक्यानंतर आला, ते मला आठवत नाही. दीड महिना झाला, मी तेच आठवत बसते. मामाजी म्हणजे माझे सासरे. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी बसून मी सांगत होते, गाडीचे ब्रेक पॅड मी स्वतः कसे बदलले, कोणता बोल्ट अडला, तुमच्या लेकानं नुसता टॉर्च कसा धरला... ते डोळे मिटून हं, हं म्हणत होते. माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही. सिस्टर आली, नाडी पाहिली आणि म्हणाली, “ताई, आता राहू द्या.” तोवर मी दुसऱ्या चाकावर पोचले होते.

ते जन्मभर बस डेपोत मेकॅनिक होते. मी नर्स, आसगावहून कोंढ्याला रोजचं जाणं-येणं. आमची जुनी गाडी दोनदा शेताच्या मधोमध बंद पडली, तेव्हा ते म्हणाले, “चालवता येते म्हनजे अर्धीच येते. खाली झोप.” सुनेला गाडीखाली झोपवलं म्हणून मोहल्ल्यानं नावं ठेवली. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

अट एकच. गाडीखाली एकट्यानं जायचं नाही. एक खाली, एक बॉनेटपाशी उभा. उभ्यानं गोष्ट सांगायची, खालच्यानं वाक्यागणिक हुंकार द्यायचा. कोणाच्या तरी वरातीतली जीप उलट्या गिअरमध्येच कशी अडकली आणि नवरदेव मांडवात पाठमोरा कसा पोचला, ही त्यांची आवडती गोष्ट. मी नटाच्या नादात हं विसरले की वरून लगेच, “झोपली का वं? हं म्हन, बाई.” एकदा मी चिडलेच. “काहून पण, मामाजी? मी काय लहान आहे?” त्यांनी पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, डेपोत त्यांचा जोडीदार बसखाली होता अन् जॅक घसरला. “मी तिथंच उभा होतो. त्याच्यासंग बोलून राहिलो होतो. तो कधीचा गप झाला, मले समजलंच नाही.” त्यानंतर मी कधी हं चुकवला नाही. आणि दवाखान्यात मीही तेच केलं.

आमच्या बौद्ध घरात भुताखेतांना जागा नाही. कोणाच्या अंगात आलं की मामाजी म्हणायचे, पेट्रोल संपलं का उतरते. मामाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नवरा नागपूरला कामावर गेला. गेल्या रविवारी दुपारी ऑइल बदलायला मी इंजिन थोडं गरम करून गाडी जॅकवर चढवली, लाकडी ठोकळे लावले आणि एकटीच खाली शिरले. नट सुटला. काळं ऑइल घमेल्यात पडू लागलं, आणि माझ्या ध्यानात आलं की मी मघापासून हं म्हणतेय. ठरावीक अंतरानं. मध्ये एकदा हसलेसुद्धा, जीपच्या गोष्टीला हसायचे तशी. तेवढ्यात कुंपणापलीकडून कुसुमकाकूंनी विचारलं, “पाव्हणे आले काय वं? मघापासून कोणीतरी गोष्ट सांगून राहिलं तुले.”

नट परत बसवला, बाहेर आले आणि बॉनेटपाशी उभी राहिले. अंगणात चिटपाखरू नव्हतं. हात तेलकट, डोळेही पुसता येईनात. म्हटलं, “मामाजी, त्या दिवशी मले समजलं नाही. मी आपली बोलतच राहिली. माफ करा मले.”

गाडीखालून ‘हं’ आला.

नवरा म्हणतो, गरम इंजिन निवताना पत्रा वाजतो. वाजतो, मलाही ठाऊक आहे. मी वाकून पाहिलं नाही. त्या दिवशीचं राहिलेलं सांगायला घेतलं... आणि या खेपेला दर वाक्यानंतर थांबले.