पुसलेलं तोंड

त्या दिवशी संग्रहालयातल्या खोलीत पोथ्या सांभाळणाऱ्या मॅडम होत्या, चित्रं दुरुस्त करायला आलेले सायेब होते, माझ्याबरोबर झाडू मारणारी सखू होती आणि मी.

टेबलावर जुन्या पोथीतलं चितारलेलं पान होतं. फौजेनं तटबंदीचं गाव घेतलंय, दरवाजा फुटलाय, बाया लेकरं काखेत मारून निघाल्यात. मधोमध घोड्यावर हुकूम सोडणारा सरदार, सगळा सोन्याच्या रंगात. त्याचं तोंड तेवढं पुसलेलं.

सायेब म्हणाले, "इथं खराब झालंय. नवीन तोंड काढून देतो."

मी म्हणलं, "सायेब, बोट ओलं करून घासलंय ते कुणीतरी. बाकीच्या पानावर डाग तरी आहे का बघा."

"गप गं म्हातारे," सखू म्हणाली, "तुला काय कळतंय चित्रातलं?"

कळतंय मला. आमची वस्ती पाडली तेव्हा भाकर तव्यावर होती. पाडणाऱ्या सायबाचा हसरा फोटो पेपरात आला. मी रडले नाही. रोज अंगठा ओला करून त्याचं तोंड घासत राहिले, कागदाला भोक पडेस्तोवर. दुसरं काय होतं माझ्या हातात?

पोथीतलं तोंड घासणाऱ्याच्या हातातही तेवढंच असेल. आणि आता त्या सरदाराला परत नाकडोळे द्यायचे? आमच्या घराची एक वीट तरी कुणी परत दिली का?

मॅडम म्हणाल्या, "बघू." अजून काही ठरलेलं नाही. हे वाचणाऱ्यानं त्यांना जाऊन एवढंच सांगावं, की ते तोंड तसंच राहू द्या.