पहिला पसंतीक्रम

देवधर बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगावला कंपनीत होते. आठच दिवसांपूर्वी लोणावळ्याला जाऊन त्यांना भेटले होते. निघताना त्यांनी एक काम सांगितलं होतं, आणि ते मी अजून केलं नव्हतं...

बाई आम्हाला बारावीला गणित शिकवायच्या. इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या तिकोणा पेठ गावापासून कार्ल्यापर्यंतची मुलं त्यांच्या लोणावळ्याच्या घरी पुढच्या खोलीत जमायची. कुणाचा मेरिट नंबर किती, कुठल्या कॉलेजचे प्रवेश मागच्या वर्षी कितव्या नंबरला बंद झाले, सगळं त्या कागदावर मांडायच्या. "मिळेल ते वर लिहू नका रे, हवं ते वर लिहा," हे इतक्यांदा म्हणायच्या की आम्ही त्यांची नक्कल करायचो. आमच्याकडे रेंजची बोंब, म्हणून फॉर्मवर मोबाइल नंबरही त्यांचाच.

माझा नंबर चांगला आला. बाईंनी फॉर्मवरच्या पसंतीक्रमात पुण्याचं सरकारी कॉलेज पहिलं टाकलं आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या पेठेत सांगून टाकलं. मी मात्र घर सोडून कधी राहिले नव्हते. हॉस्टेलची मला भीतीच वाटायची. शेवटच्या दिवशी एकटीच कामशेतच्या सायबर कॅफेत गेले, घराजवळचं कॉलेज पहिलं केलं आणि फॉर्म कन्फर्म करून टाकला. पहिलं मिळालं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेरीत जाता येत नाही. यादी लागली, माझ्या मागच्या नंबरची मुलं पुण्याला गेली. आबा मला घेऊन तडक बाईंकडे. "पोरीचं नुसकान कुनी केलं, बाई?" मी मान खाली घालून उभी. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "क्रम लावताना माझी चूक झाली, भाऊ."

मी गप्प बसले. आठ वर्षं. आबा बाईंशी बोलेनासे झाले, बाजारात दिसल्या तर रस्ता ओलांडायचे. बाई दर भेटीत विचारायच्या, "आबा कसे आहेत?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या शेवटच्या भेटीत मी रडत सगळं सांगितलं. बाई हसल्या. "अगं वेडे, कन्फर्म झाल्याचा मेसेज माझ्याच फोनवर आला होता. फॉर्म उघडून पाहिला तेव्हाच कळलं."

"मग अंगावर का घेतलंत?"

"तुझे आबा इतके चिडले होते... म्हटलं, रागाच्या भरात तुझं शिक्षणच बंद केलं तर?" माझे डोळे पुसत म्हणाल्या, "पण आता सांग त्यांना. मला एकदा त्यांच्याशी बोलायचंय गं."

मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

फोन आला त्या संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं, बाईंचा निरोपसुद्धा. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दहाव्याला माझ्याबरोबर लोणावळ्याला आले. पुढच्या खोलीत बाईंची खुर्ची होती तशीच होती.

"हितं बसायच्या?"

"हो."

आबांनी टोपी काढली आणि खुर्चीसमोर सतरंजीवर बसले. माणसं येत होती, जात होती. बऱ्याच वेळानं मी हळूच म्हटलं, "आबा, निघायचं?"

"थांब जरा," ते म्हणाले. "त्यांना बोलायचं व्हतं न्हवं माझ्याशी? बोलू दे."